डोव्हरचा खटला : वर्गातले चार परिच्छेद आणि न्यायालयातले जीवशास्त्र

१८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर हायस्कूलमध्ये नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला शिक्षक वर्गाबाहेर गेले आणि त्यांच्या जागी शाळा प्रशासनातील अधिकाऱ्याने येऊन चार परिच्छेदांचे एक निवेदन वाचून दाखवले. डार्विनचा सिद्धान्त म्हणजे तथ्य नव्हे, त्यात पुराव्याविना राहिलेल्या फटी आहेत, जीवसृष्टीच्या उगमाचे ‘इंटेलिजंट डिझाइन’ नावाचे वेगळे स्पष्टीकरण आहे आणि ते ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे संदर्भपुस्तक शाळेत ठेवले आहे, असा त्याचा आशय होता. त्यावर प्रश्न विचारायला परवानगी नव्हती. एवढा मजकूर वाचायला एक-दोन मिनिटे पुरतात. त्यावरून उभ्या राहिलेल्या ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर एरिया स्कूल डिस्ट्रिक्ट’ या खटल्याची सुनावणी मात्र सहा आठवडे चालली आणि निकालपत्र १३९ पानांचे झाले.

इंटेलिजंट डिझाइनचा दावा थोडक्यात असा की, सजीवांच्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या नैसर्गिक निवडीने टप्प्याटप्प्याने घडू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे कोणी बुद्धिमान कर्ता मानावा लागतो. हा कर्ता कोण, हे या मताचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत. शास्त्रज्ञांमध्ये याविषयी वाद चालू आहे, तेव्हा विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू कळू द्याव्यात, ही त्यांची मागणी वरवर पाहता रास्त वाटते. डोव्हरचे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण हेच की, तो कथित वाद प्रथमच न्यायालयात शपथेवर आणि उलटतपासणीसह मांडला गेला, आणि त्यात नेमके काय आहे हे कागदोपत्री नोंदले गेले.

प्रकरणाची सुरुवात

डोव्हरच्या शाळा मंडळात एकूण नऊ सदस्य होते. २००४ च्या जूनमध्ये जीवशास्त्राच्या नव्या पाठ्यपुस्तकाची खरेदी मंडळापुढे आली, तेव्हा अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष विल्यम बकिंगहॅम यांनी त्यात डार्विनवाद ठासून भरला असल्याची तक्रार केली. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी क्रूसावर प्राण दिले, आता त्याच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही का, असेही ते जाहीर बैठकीत म्हणाले. आपण हे वेगळ्या प्रसंगी म्हणालो होतो, असा बचाव त्यांनी पुढे केला, पण न्यायालयाने तो मान्य केला नाही. स्थानिक दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत तर त्यांनी थेट ‘क्रिएशनिझम’ (सृष्टी ईश्वरानेच निर्माण केली हे मत, म्हणजे सृष्टिवाद) हाच शब्द वापरला होता, आणि ती चित्रफीत न्यायालयात दाखवण्यात आली.

१८ ऑक्टोबर २००४ रोजी मंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला की, डार्विनच्या सिद्धान्तातील त्रुटी आणि इंटेलिजंट डिझाइनसह इतर सिद्धान्त यांची विद्यार्थ्यांना जाणीव करून दिली जाईल. विरोधात मत देणाऱ्या दोन सदस्यांनी त्याच रात्री राजीनामे दिले. विज्ञान शिक्षकांनी निवेदन वाचायला लेखी नकार दिला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, हे माहीत असूनही ते वर्गात विज्ञान म्हणून मांडणे आपल्या व्यावसायिक आचारसंहितेत बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. शास्त्रीय मंडळे आणि अकादमी ज्या गोष्टी नंतर लांबलचक निवेदनांतून मांडत राहिल्या, त्या एका लहान गावातील शाळेच्या शिक्षकांनी नोकरी पणाला लावून आधीच सांगून टाकल्या होत्या, हे मला या साऱ्या प्रकरणात फार मोलाचे वाटते. १४ डिसेंबर २००४ रोजी ११ पालकांनी संघीय न्यायालयात दावा दाखल केला.

निवेदनातील ‘सिद्धान्त म्हणजे तथ्य नव्हे’ या वाक्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. बोलीभाषेत सिद्धान्त म्हणजे कोणाची तरी अटकळ; विज्ञानात मात्र असंख्य तथ्यांना एका सूत्रात बांधणारे आणि पुन्हा पुन्हा तपासून टिकलेले स्पष्टीकरण. गंमत म्हणजे त्याच निवेदनात पुढे सिद्धान्ताची ही शास्त्रीय व्याख्याही दिली होती, तरीही आधीच्या वाक्याचा हेतू साधायचा तो साधलाच. मराठीत ही अडचण दुप्पट आहे. आपण सर्रास ‘उत्क्रांतिवाद’ म्हणतो, आणि ‘वाद’ या शब्दात मत आणि भांडण दोन्ही सामावलेले असतात. समाजवाद, अद्वैतवाद यांच्या पंगतीला उत्क्रांतिवाद बसला की तो पटला तर घ्यावा, नाही तर सोडावा असा काहीतरी विषय वाटू लागतो. गुरुत्वाकर्षणवाद असे कोणी म्हणत नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही आणि डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, असे म्हटल्यावर देशातील तीन विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढावे लागले होते. इंटेलिजंट डिझाइनशी त्या विधानाचा संबंध नव्हता, पण ‘सिद्धान्त’ या शब्दाभोवतीचा गोंधळ त्याच जातीचा होता.

कशाभिकेचा युक्तिवाद

खटला २६ सप्टेंबर २००५ रोजी हॅरिसबर्ग येथे न्यायाधीश जॉन ई. जोन्स यांच्यापुढे ज्यूरीविना सुरू झाला. जोन्स हे रिपब्लिकन पक्षाचे आणि अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीच २००२ मध्ये नेमलेले, त्यामुळे निकाल आपल्या बाजूने लागेल अशी शाळा मंडळाच्या समर्थकांना आशा होती. वादींचे पहिले साक्षीदार ब्राऊन विद्यापीठाचे पेशीजीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर होते. बकिंगहॅम यांना खटकलेल्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक, आणि श्रद्धेने कॅथलिक. प्रतिवादींचे प्रमुख साक्षीदार लीहाय विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही हे होते, तेही कॅथलिकच. धर्म विरुद्ध नास्तिकता अशी सोपी विभागणी या खटल्याला लागू पडत नाही, ती इथूनच.

बीही यांची मुख्य कल्पना ‘न घटवता येणारी गुंतागुंत’ ही होती. एखाद्या यंत्रणेतला एक भाग काढला की ती पूर्ण बंद पडत असेल, तर तिची अर्धी-मुर्धी अवस्था निरुपयोगी असणार, आणि निरुपयोगी गोष्ट नैसर्गिक निवडीत टिकणार नाही. म्हणजे ती एकदम पूर्ण रूपातच आली असली पाहिजे. यासाठी ते उंदराच्या सापळ्याचे उदाहरण देत. फळी, स्प्रिंग, दांडी यांपैकी काहीही काढले तर उंदीर सापडत नाही. जीवसृष्टीतले त्यांचे आवडते उदाहरण म्हणजे जिवाणूची कशाभिका. हे शेपटासारखे अंग पेशीच्या आवरणात बसवलेल्या एका सूक्ष्म मोटरला जोडलेले असते; ती मोटर प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरते आणि बोटीच्या पंख्याप्रमाणे जिवाणूला पुढे ढकलते. तिच्या बांधणीत सुमारे ३० ते ४० प्रकारची प्रथिने लागतात. तिचे चित्र प्रथमच पाहणारा माणूस चकित होतो, आणि बीही यांच्या युक्तिवादाची ताकद त्या चकित होण्यातच आहे, असे मला वाटते.

मिलर यांचे उत्तर असे की, कशाभिकेच्या तळाशी असलेल्या भागाशी जवळचे साम्य असणारी, सुमारे दहा प्रथिनांची एक यंत्रणा काही रोगकारक जिवाणूंमध्ये स्वतंत्रपणे काम करताना आढळते. तिला तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणतात. तिने पोहता येत नाही. पण ती सूक्ष्म सुईप्रमाणे यजमान पेशीत विषारी प्रथिने टोचते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-पुण्यात हाहाकार माजवणाऱ्या प्लेगच्या जिवाणूकडेही हीच सुई आहे. म्हणजे मोटरचे बरेच भाग काढून टाकल्यावर जे उरते ते निरुपयोगी नसते, त्याचे काम वेगळे असते. व्याख्यानांमध्ये मिलर यांनी सापळ्याचे दोन भाग काढून उरलेला सापळा टायला क्लिपसारखा लावून हाच मुद्दा दाखवला आहे.

प्रतिवादींचे आणखी एक साक्षीदार, आयडाहो विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्कॉट मिनिच, यांचा आक्षेप पोकळ नव्हता. कशाभिकेची जनुके एकेक करून बंद केली की जिवाणूचे पोहणे थांबते, हे त्यांनी प्रयोगाने पाहिले होते. शिवाय ही सुई कशाभिकेच्या आधीची नसून तिच्यातूनच नंतर निघाली असावी, असे त्यांचे मत होते. हा दुसरा मुद्दा पुढील काळातील जनुकक्रमांच्या तुलनेतून बऱ्याच अंशी खरा ठरला. पण त्याने बीही यांचा मूळ दावा बचावत नाही. दावा असा होता की भाग काढले की काहीच उपयोग उरत नाही. सुई आधीची असो वा नंतरची, उपयोग उरतो हे तिने दाखवलेच. एक भाग काढल्यावर आजची यंत्रणा बंद पडते यावरून ती टप्प्याटप्प्याने घडलीच नाही असा निष्कर्षही निघत नाही, कारण पूर्वीच्या टप्प्यांत तिच्या भागांची कामे वेगळी असू शकतात. सिद्धान्तात फट दाखवणे आणि त्या फटीत आपले स्पष्टीकरण बसते हे दाखवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाविषयी उलटतपासणीत विचारले असता परिस्थिती उघड झाली. कशाभिका नसलेला जिवाणू घेऊन, पोहण्याची निकड निर्माण करून, हजारो पिढ्या वाढवून पाहावा, असा प्रयोग बीही यांनीच सुचवला होता. पण तो ना त्यांनी केला होता ना मिनिच यांनी.

पुस्तकांचा ढीग

रोगप्रतिकारक यंत्रणेच्या उगमाविषयी शास्त्रीय वाङ्मयात उत्तरे नाहीत, असे बीही यांनी १९९६ मध्ये लिहिले होते. वादींचे वकील एरिक रॉथ्सचाइल्ड यांनी त्यांच्यापुढे याच विषयावरील तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध केलेले ५८ शोधनिबंध, ९ ग्रंथ आणि पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे एकेक करून ठेवली. यांतील बहुतेक आपण वाचलेले नाहीत, पण ते पुरेसे नाहीत, असे बीही यांचे म्हणणे पडले. त्या ढिगात नुसती संख्या नव्हती. प्रतिपिंडे तयार करताना आपल्या पेशी जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडतात, आणि हे कापणारे विकर (एन्झाइम) एके काळी जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या डीएनए तुकड्याचे असावे, अशी कल्पना बरीच आधी मांडली गेली होती. १९९८ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले की ही विकरे परीक्षानळीत अजूनही तशी उडी घडवू शकतात. २००५ मध्ये त्यांच्या नात्यातले उडते तुकडे इतर प्राण्यांच्या जनुकसंचात सापडले. आधी अपेक्षा आणि मग शोध, असा हा क्रम होता.

असाच क्रम मिलर यांनी गुणसूत्रांबाबत दाखवला. चिंपांझी आणि गोरिला यांच्यात २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी नुसती नाहीशी होणे शक्य नाही, ती दुसरीला चिकटलेली सापडली पाहिजे. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्यावर एरवी फक्त टोकांना आढळणारा डीएनए क्रम आणि बंद पडलेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूच्या (प्रत्येक गुणसूत्रात एरवी एकच असणाऱ्या सांध्याच्या) खुणा सापडतात. रचनाकाराने ते मुद्दाम तसे केले, असे म्हणता येईलच. पण मग त्याने दुसरे काहीही केले असते तरी तेच म्हणता आले असते.

विज्ञानाची जी व्याख्या बीही यांना हवी होती, तिच्यात फलज्योतिषही शास्त्रीय सिद्धान्त म्हणून बसेल, हे त्यांनी उलटतपासणीत कबूल केले. त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठातील जीवशास्त्र विभागाने, बीही यांच्या मतस्वातंत्र्याचा आदर राखून, इंटेलिजंट डिझाइनला विज्ञानात आधार नसल्याचे जाहीर केले होते. संख्येचा मुद्दा मात्र मी फार ताणणार नाही. २००१ मध्ये इंटेलिजंट डिझाइनचा पुरस्कार करणाऱ्या डिस्कव्हरी इन्स्टिट्यूटने डार्विनविषयी शंका घेणाऱ्या सुमारे १०० जणांच्या सह्यांची यादी काढली, तेव्हा विज्ञानशिक्षणासाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने २००३ मध्ये उत्क्रांती मानणाऱ्या, पण फक्त ‘स्टीव्ह’ नावाच्या शास्त्रज्ञांची यादी काढली आणि ती पहिल्याच दिवशी पहिल्या यादीहून मोठी निघाली. विनोद झकास आहे. पण विज्ञान हात वर करून ठरत नाही हेच तो सांगतो, आणि तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे.

बर्कली येथील जीवाश्मशास्त्रज्ञ केव्हिन पॅडियन यांनी ‘पांडाज’ पुस्तकात दुवेच सापडत नाहीत असे म्हटलेल्या ठिकाणी कोणकोणते दुवे सापडले आहेत ते चित्रांसह दाखवले, त्यात देवमाशांचे चार पायांचे पूर्वज होते. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, या मालिकेत काश्मीर-जम्मू भागातील कालाकोटच्या खडकांतून आलेल्या ‘इंडोह्यूस’ या छोट्या खुरवाल्या प्राण्याची भर पडली. ते खडक भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी अनेक वर्षांपूर्वी गोळा करून ठेवले होते. कवटी साफ करताना ती चुकून फुटली आणि आतले कानाचे हाड देवमाशाच्या कानासारखे जाड असल्याचे दिसले.

एका शब्दाची जागा

खटल्याचे पारडे फिरवणारी साक्ष जीवशास्त्रज्ञाची नव्हती. लुइझियानातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ‘पांडाज’ पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे न्यायालयात मांडले. १९८७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत ‘सृष्टिविज्ञान’ (विज्ञान म्हणून मांडलेला सृष्टिवाद) शिकवणे ७ विरुद्ध २ मतांनी घटनाबाह्य ठरवले. त्याआधीच्या खर्ड्यांत ‘निर्मिती’ या अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत. त्यानंतरच्या खर्ड्यात सुमारे दीडशे ठिकाणी ते काढून ‘इंटेलिजंट डिझाइन’ घातले आहे. व्याख्या तशीच राहिली : सजीवांचे प्रकार एकाएकी, आपापल्या वैशिष्ट्यांसह अवतरले, माशांना पर आणि खवले, पक्ष्यांना पिसे, चोच आणि पंख. कर्त्याच्या जागी ‘निर्माता’ होता तिथे ‘बुद्धिमान शक्ती’ आली. एके ठिकाणी शब्द बदलणाऱ्याचा हात चुकला, आणि ‘क्रिएशनिस्ट्स’ पूर्ण न पुसता मध्येच ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घुसवल्याने ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असा शब्द तयार झाला. प्रुफे तपासणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल.

पुस्तकाच्या साठ प्रती शाळेत कोणी दिल्या, हेही असेच बाहेर आले. देणगीदार अज्ञात असल्याचे सांगितले जात होते. प्रत्यक्षात बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये ८५० डॉलर जमवून मंडळाचे अध्यक्ष ॲलन बॉन्सेल यांच्या वडिलांच्या नावे धनादेश दिला होता. आधीच्या शपथेवरील जबाबांत हे दडवले गेल्याचे लक्षात आल्यावर न्यायाधीशांनी बॉन्सेल यांना स्वतःच प्रश्न विचारले.

या सर्वांत जॉर्जटाउन विद्यापीठाचे धर्मशास्त्रज्ञ जॉन हॉट यांची साक्ष कमी चर्चिली गेली. चहाचे पाणी का उकळते, याचे उत्तर रेणूंची हालचाल वाढली म्हणून असेही आहे आणि मला चहा हवा आहे म्हणून असेही आहे. पहिल्या उत्तरात दुसरे घुसवायचे नसते, हे त्यांचे म्हणणे मला संपूर्ण खटल्यातले सर्वांत नेमके वाटते.

निकाल आणि त्यावरील आक्षेप

सुनावणी ४ नोव्हेंबर रोजी संपली. हा चाळिसावा दिवस आणि आज चाळिसावी रात्र (बायबलमधील महापुराचा पाऊसही चाळीस दिवस, चाळीस रात्री पडला), हे मुद्दाम जमवले का, असे प्रतिवादींच्या वकिलांनी विचारले, तेव्हा योगायोग छान आहे पण तो ‘बाय डिझाइन’, म्हणजे ठरवून केलेला, नाही, असे जोन्स म्हणाले. चार दिवसांनी मंडळाची निवडणूक झाली आणि पुन्हा उभे राहिलेले आठही सदस्य हरले. २० डिसेंबर २००५ रोजी निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, त्याची मुळे सृष्टिवादात आहेत आणि मंडळाचे धोरण राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा (सरकारने कोणत्याही धर्माचा पुरस्कार करू नये या तरतुदीचा) भंग करते, असे त्यात ठरले. धर्मनिष्ठा अभिमानाने मिरवणाऱ्या सदस्यांनी आपला हेतू लपवण्यासाठी वारंवार खोटे बोलावे, ही विसंगतीही न्यायाधीशांनी नोंदवली. त्यांना नंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि काही काळ संरक्षणात राहावे लागले.

निकालावर एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. मंडळाचा धार्मिक हेतू सिद्ध झाल्यावर तेवढ्यावर दावा निकाली निघाला असता, मग विज्ञान म्हणजे काय हे न्यायाधीशाने का ठरवावे? दोन्ही पक्षांनीच तशी विनंती केली होती, हे त्याचे एक उत्तर. तरीही अलौकिक कारण मानले की विज्ञान संपले, हा निकालातला पहिला निकष मला तितका पक्का वाटत नाही. १९८२ च्या आर्कान्सा राज्यातील सृष्टिविज्ञानाविषयीच्या अशाच निकालावर तत्त्वज्ञ लॅरी लॉडन यांनी घेतलेली हरकत इथेही लागू पडते : एखादा दावा तपासून खोटा ठरला असेल तर तो अवैज्ञानिक म्हणण्यापेक्षा चुकीचा म्हणणे अधिक सरळ आहे. कशाभिका, रक्त गोठणे (हेही त्यांचेच एक उदाहरण) आणि रोगप्रतिकार या तीनही बाबतींत बीही यांचे दावे तपासता आले आणि टिकले नाहीत. न्यायालयातील पुरावा याच बाजूला सर्वांत मजबूत होता.

नव्या मंडळाने अपील केले नाही, त्यामुळे प्रकरण वरच्या न्यायालयात गेलेच नाही आणि निकाल फक्त पेनसिल्व्हेनियाच्या मध्य विभागापुरता बंधनकारक राहिला. वादींच्या वकिलांचा खर्च २० लाख डॉलरहून अधिक होता. गावावर बोजा नको म्हणून फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड १०,००,०११ डॉलरवर झाली. त्यातले शेवटचे ११ डॉलर म्हणजे ११ पालकांना प्रत्येकी एक डॉलर नाममात्र भरपाई.